खजुराच्या मोसमातली थैली

हे लिहायचं मी आजवर टाळत आलो. विसरलो होतो म्हणून नव्हे. दर उन्हाळ्यात कागद पुढे ओढायचा, वर तारीख घालायची आणि तो घडी करून पुस्तकात ठेवून द्यायचा, असं चाळीस वर्षं चाललं. कारणं नेहमी पटण्यासारखी असत. आधी नोकरी होती. मग मुलगा शिकत होता. मग इंदू होती, माझी बायको, आणि तिच्या कानावर हे जाऊ नये असं मला वाटे. इंदूला जाऊन चार वर्षं झाली. आणि गेल्या आठवड्यात डोंगरापलीकडच्या खोर फक्कानहून फोन आला. ज्यांना हे सांगायला हवं होतं त्यांतली शेवटची, एक म्हातारी, तीही गेली. ऐकणारं कुणी उरलं नाही तेव्हा मला कंठ फुटला आहे. यातला भित्रेपणा मला दिसतो. तरी लिहितो, कारण एका सरकारी कागदावर एक खोटी ओळ आहे आणि ती मी माझ्या हातानं टाइप केलेली आहे.

जुलै आला की इथे शारजात, रोल्लाच्या बाजारात ओला खजूर येतो. त्याला इथे रुताब म्हणतात. अर्धा पिवळा, अर्धा मधाच्या रंगाचा, बोटांना चिकटणारा. मुलगा मिलिंद ऑफिसातून येताना खोकं घेऊन येतो. "बाबा, आठ दिरहम किलो, म्हणजे शंभर रुपये झाले की. एकदम फ्रेश आहे, आज तरी खा." मी दात शिवशिवतात म्हणून सांगतो. नात मोबाइलमधून मान वर न करता म्हणते, "आजोबा, इट्स जस्ट फ्रूट." तिचं बरोबर आहे. फळाशी माझं वैर नाही. पण त्या खोक्यात मला नेहमी फांदी दिसते.

खजुराच्या फांदीची पानं ओरबाडून काढली की मधला दांडा उरतो. बुडाशी रुंद, कडांना काटे. काटे तासून त्याच्या खाटा करतात, कोंबड्यांची खुराडी करतात, पूर्वी होड्यासुद्धा करत. पाण्यात भिजवला की तो लवतो. लवणारा दांडा माणसाच्या पाठीवर कसा बसतो आणि उचलला जाताना सोबत काय घेऊन येतो, ते मी त्या एका उन्हाळ्यात पाहिलं. खिडकीतून पाहिलं.

गावाचं नाव लिहीत नाही. याच किनाऱ्यावरचं आहे. तेव्हा मातीच्या भिंती होत्या, आता काचेच्या इमारती आहेत. साहेबाचं राज्य अजून होतं, पण आवरायला लागलं होतं. टपाल कचेरी साहेबाची. सुरुवातीला तिकिटांवर विलायतेच्या राणीचं डोकं असे आणि त्यावर नया पैशाचा काळा छाप, म्हणजे राणी त्यांची आणि पैसा आमचा, कारण तिथे तेव्हा आपलाच रुपया चाले. मी राजापूर तालुक्यातला, मॅट्रिक झालेला, पंचविशीतला. मुंबईच्या टपालात दोन वर्षं काढून इथे कारकून म्हणून आलो. कचेरीत आम्ही तिघंच. एक साहेब, पन्नाशीचा, कायम घामेजलेला. त्याचं मन सहा महिने आधीच मायदेशी जाऊन बसलं होतं. दुसरा मी. तिसरा मुराद, बलुची हमाल, जो दोन्ही खांद्यांवर टपालाची एकेक थैली घेऊन ओल्या वाळूतून पळू शकत असे.

किनारा उथळ, त्यामुळे मुंबईची बोट लांब खोल पाण्यात उभी राही आणि थैल्यांची ने-आण पडावानं, म्हणजे वल्ह्यांच्या होडीनं, होई. पडावाचा तांडेल करीम हा मुरादच्या बायकोचा धाकटा भाऊ. विशीचा, तोंडाळ, पोटात काही न ठेवणारा. मला पाण्याची भीती वाटते हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं आणि त्यानंतर त्यानं मला सोडलं नाही. "बाबू, समंदर तेरे को खाएगा नहीं. तेरे में गोश्त किधर है?" असं तो भर गर्दीत ओरडायचा आणि मुराद खाली बघून हसायचा.

उन्हाळ्यात तिथले खातेपिते लोक खजुराच्या बागांकडे निघून जात. गावात उरत ती नोकरीला बांधलेली माणसं: पहारेकरी, गवंडी, हमाल, कारकून. हवा इतकी दमट की पाकिटांचा डिंक आपोआप धरून बसे आणि कोरी पाकिटं फाडून उघडावी लागत. त्या हवेत माणसं एकमेकांना चावत. हे मी लाक्षणिक म्हणत नाही. घरोघर टपाल वाटायची रीत तिथे नव्हती, या देशात ती आजही नाही. बोटीच्या दिवशी मी खिडकीत उभा राहून नावं पुकारी आणि समोर दोन-तीनशे माणसं एका दरवाजाएवढ्या सावलीत कोंबलेली असत. एकदा एकाच नावाचे दोन गवंडी एका पाकिटावर तुटून पडले. एकानं दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला. पाकीट उघडलं तेव्हा ते त्याच नावाच्या तिसऱ्याच माणसाचं निघालं. कान फाटलेला माणूस तरीही रांगेत उभा राहिला, फडक्यानं डोकं दाबून, आणखी एखादं नाव पुकारलं जाईल म्हणून. त्या दिवशी त्याला काहीच आलं नव्हतं.

मी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. मला वाटे, आपण त्यांच्यातले नाही.

मग आमच्या गावचा एक इसम एका बोटीनं आला आणि चहा पिता पिता सहज बोलावं तसं बोलला, की तुझी बायको रोज दुपारी मास्तरांच्या घरी जाते. दोन-दोन तास असते. गावात बोलतात. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले तीन महिने आम्ही एका घरात होतो. इंदूला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिची खुशाली वडिलांच्या पत्रात शेवटच्या ओळीत येई: घरची मंडळी ठीक. त्या इसमानं कप खाली ठेवला आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात काय झालं ते मला आजही सांगता येत नाही. आठ दिवस मी जेवलो नाही. नवव्या दिवशी वडिलांच्या नावानं पत्र लिहिलं. चार ओळींचं. हिला तिच्या माहेरी पोचवा, परत घेऊ नका, माझं तिच्याशी नातं संपलं, आणि पुढची बाकीची घाण मी इथे लिहीत नाही. ते पत्र मी स्वतः शिक्का मारून मुंबईच्या थैलीत टाकलं. थैलीत जाणाऱ्या रजिस्टर पाकिटांची यादी केली. थैलीचं तोंड दोरीनं आवळलं, स्पिरिटच्या दिव्यावर लाख वितळवली, गाठीवर ओतली आणि कचेरीची मोहोर उठवली. मोहोर उठली की ती थैली कुणाची राहत नाही. आम्हाला नोकरीच्या पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ती एवढीच.

त्याच दुपारी बोट आली. क्रम असा असे की पडाव आधी येणारं टपाल घेऊन येई आणि परतताना जाणारी थैली नेई. मधे तासाभराचा वेळ. साहेब जेवायला बंगल्यावर गेला होता. मुराद किनाऱ्यावर होता, पडावातल्या थैल्या उतरवत. मी पहिली थैली फोडून पत्रं लावत बसलो आणि माझ्या नावाचं पाकीट हाताला लागलं. अक्षर ओळखीचं नव्हतं. अक्षर म्हणण्यासारखं नव्हतंच. काना एका बाजूला, मात्रा भलतीकडे.

आत पाच ओळी होत्या. मी लिहायला शिकले. दुपारी मास्तरीणबाईंकडे जाते. हे मी माझ्या हातानं लिहिते आहे. घरात कुणाला अजून सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. चुकलं असेल तर हसू नका.

कोपऱ्यात माझी थैली उभी होती. लाख अजून पुरती थंड झालेली नव्हती.

एखाद्या दुसऱ्या माणसाला आपलं पत्र परत घेता आलं नसतं. त्यानं कपाळावर हात मारला असता, तार केली असती, पुढच्या बोटीनं दुसरं पत्र धाडलं असतं. माझ्यापाशी चाकू होता, लाख होती, मोहोर खिळ्याला टांगलेली होती. मी गाठ कापली, थैली टेबलावर उपडी केली, पत्रांच्या ढिगात दोन्ही हात घातले. माझं पाकीट सापडलं, दोनदा हातातून निसटलं. दिव्याच्या ज्योतीवर धरलं. बाहेरून मुरादच्या पावलांचा आवाज येत होता. मी ढीग आत लोटला, दोरी आवळली, जुनी लाख पूर्ण न खरवडता तिच्यावरच नवी ओतली, मोहोर दाबली. मुराद आत आला तेव्हा मी खिडकीत उभा होतो. तो थैली उचलून घेऊन गेला. दुरून करीमचा आवाज आला, बाबू आज गोरा दिखता है, किसी ने धोया क्या.

मी हसलो. त्या दिवसाएवढा हलका मी जन्मात कधी झालो नव्हतो.

तीन आठवड्यांनी मुंबईहून कागद आला. थैलीवर लाखेचे दोन थर आहेत, म्हणजे ती बंद झाल्यावर उघडली गेली. यादीतलं एक रजिस्टर पाकीट नाही. ते पाकीट गावातल्या एका मोत्यांच्या व्यापाऱ्याचं होतं, कापडात शिवलेलं, मुठीत मावेल एवढं. मोत्यांचा धंदा मेल्यात जमा होता, तरी त्या माणसाचा दरारा मेला नव्हता. तो तडक कचेरीत आला. साहेबानं त्याला कॉफी दिली. साहेबाला एकच चिंता होती: वर्षअखेरीला कचेरी इथल्या लोकांच्या हाती द्यायची होती, आणि द्यायच्या दप्तरात उघडं प्रकरण नको होतं.

त्यानं मला विचारलं, थैली बंद केल्यावर तिच्यापाशी कोण होतं?

मी म्हणालो, मी खिडकीवर होतो, सर. थैलीपाशी मुराद होता.

इंग्रजीत ही दोन वाक्यं फार सभ्य वाटतात. मी ती सभ्यपणेच उच्चारली.

साहेबानं मुरादला मारायला सांगितलं नाही. हे नोंदवायला हवं. त्यानं जकातीच्या पहाऱ्यावरच्या माणसांना बोलावून एवढंच सांगितलं की शोधून काढा, आणि कसं ते मला सांगू नका. मग तो पंख्याखाली जाऊन बसला. कचेरीच्या समोर गोदाम होतं. त्याच्या ओसरीला खजुराच्या खोडांचे खांब होते. मुरादला त्यातल्या एका खांबाला मिठी मारायला लावून मनगटं पलीकडून बांधली. दांडे हौदात भिजत घातले. पहारेकऱ्यांतले दोघं मारायचे, आलटून पालटून, घाई न करता, भात सडावा तसे. पहिल्या दिवशी मुराद ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला आणि फक्त दांड्याचा आवाज उरला. पाठीची कातडी पट्ट्यापट्ट्यांनी निघाली होती आणि त्या दमट हवेत ती वाळेना. माशा बसत. माणसं पत्रं न्यायला येत, एकदा तिकडे बघत आणि मग माझ्याकडे बघून आपलं नाव सांगत.

दुसऱ्या दुपारी पहारेकरी जेवायला गेले तेव्हा मी तांब्याभर पाणी घेऊन गेलो. मुरादच्या तोंडाला लावलं. तो प्यायला, ओकला, पुन्हा प्यायला. म्हणाला, "बाबू, तू सबको बोल. मैं उधर नहीं था. तू जानता है." मी मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल.

तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याचा उजवा हात चौथऱ्याच्या दगडावर ठेवून बंदुकीच्या दस्त्यानं ठेचला. बोटं एकेक करून. ते विचारत होते, तूच एकटा नाहीस, थैलीला आणखी कुणाचा हात लागला? थैली बंद झाल्यावर तिला हात लागलेला आणखी एकच माणूस या जगात त्याला माहीत होता. तिसऱ्या बोटाला त्यानं करीमचं नाव घेतलं.

पुढे घडलं ते अर्ध्या तासात. बोटीचा दिवस होता. खिडकीसमोर गर्दी होती. करीम पडाव किनाऱ्याला लावत होता. चौघं पहारेकरी त्याच्याकडे चालत गेले. त्यानं त्यांच्याकडे, मग गोदामाच्या ओसरीकडे पाहिलं, आणि काही न विचारता वल्हं उचलून पहिल्याच्या तोंडावर घातलं. दात पडल्याचं मला दिसलं. मग ते त्याच्यावर तुटून पडले, गुडघाभर पाण्यात, दस्त्यांनी. तो दोनदा उठला. तिसऱ्यांदा उठताना डोक्यावर बसलेला घाव मला खिडकीपर्यंत ऐकू आला. पाणी लाल झालं, मग लाटेनं ते पसरून गुलाबी झालं. गर्दीतलं कुणी हललं नाही. मी खाली बघून पत्रांवर तारखेचा शिक्का मारत राहिलो, जेवढा जोरात मारता येईल तेवढा जोरात. मागाहून पाहिलं तर त्या दिवसाच्या सगळ्या पत्रांवर आदल्या दिवसाची तारीख पडली होती.

करीम दुसऱ्या दिवशी सकाळी मेला. मुरादला सोडून दिलं. साहेबानं मला अहवाल सांगितला आणि मी तो टाइप केला: पडावाच्या तांडेलानं वाटेत थैली उघडून रजिस्टर पाकीट चोरलं, अटकेला विरोध करताना तो मरण पावला, प्रकरण बंद. मला टाइप करताना चुका करायची सवय नव्हती. त्या कागदावर एकही खाडाखोड नाही.

थंडी पडल्यावर कचेरी हाती द्यायची वेळ आली. फर्निचरची मोजदाद होती. मी आणि एक नवा हमाल मिळून टपाल लावायचं टेबल भिंतीपासून ओढलं. हमाल मागच्या दारानं खुर्च्या न्यायला गेला आणि मला दिसलं, टेबलाचा मागचा पाय आणि भिंत यांच्या फटीत, धुळीत, कापडात शिवलेलं मुठीएवढं पाकीट. शिवण शाबूत. मी थैली उपडी केली होती तेव्हा ते घरंगळून तिथे पडलं होतं. चार महिने ते माझ्या पायाशी होतं. त्याच टेबलावर बसून मी तो अहवाल टाइप केला होता.

तेव्हाही मला सांगता आलं असतं. करीम परत आला नसता, पण त्याचं नाव परत आलं असतं. मुराद गाव सोडून बायकोसकट खोर फक्कानकडे गेला होता. तिथे निरोप पाठवणं कठीण नव्हतं. निरोप पाठवणं हाच माझा धंदा होता. मी पाकीट जेवणाच्या फडक्यात बांधलं, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेलो आणि पाण्यात सोडलं. मग येऊन खुर्च्या मोजल्या.

साहेब गेला. नवं राज्य आलं, नवी तिकिटं आली. नव्या लोकांनी मला चांगलं वागवलं. मी आणखी सत्तावीस वर्षं टपालातच राहिलो आणि प्रामाणिक माणूस म्हणून निवृत्त झालो. मिलिंदचा जन्म त्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षांनी झाला. इंदूचं अक्षर पुढे फार सुंदर झालं. ती दर आठवड्याला मला लिही. तिचं प्रत्येक पत्र हाती आलं की मला वाटे, याची किंमत कुणीतरी दिली आहे. तिला वाटे, मी पत्र उघडायला वेळ लावतो तो चव घ्यावी म्हणून. ती हे सगळ्यांना कौतुकानं सांगत असे. माझा संसार खरा होता, सुखाचा होता. मी त्याला नावं ठेवत नाही. मिलिंदनं हे वाचलं तर त्याला कळेल की तो कशामुळे आहे. त्यानं यात स्वतःला दोष लावून घेऊ नये. दोष वाटून द्यायची माझी सवय मोडली पाहिजे.

नव्वदच्या दशकात मिलिंदला शारजात नोकरी लागली आणि आम्ही दोघं उन्हाळ्या-हिवाळ्याला इथे येऊ लागलो. दहाएक वर्षांनी एका जुलैमध्ये त्याच्या गाडीचा एसी बिघडला म्हणून इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजात गेलो. मालक चाळिशीचा, इस्माईल नावाचा बलुची, गप्पिष्ट माणूस. मी टपालात होतो असं मिलिंद म्हणाला तशी त्यानं मला खुर्ची दिली. म्हणाला, माझे वालिदही टपालात होते, अंग्रेजच्या वेळी, हमाल. त्यांचा उजवा हात तेव्हाचाच गेलेला. मला चहाचा पेला खाली ठेवावा लागला.

"नाम क्या है उनका?" मी विचारलं. मला ठाऊक होतं.

पुढच्या शुक्रवारी इस्माईलच मला खोर फक्कानला घेऊन गेला. डोंगर भट्टीसारखे तापलेले. मी त्याच्या बापाला काय सांगणार आहे हे मला पाठ होतं. मुराद अंगणात खाटेवर बसला होता. त्या बैलासारख्या माणसाचं चिपाड झालं होतं. उजव्या हाताची बोटं आत वळलेली, कोंबडीच्या पायासारखी. त्यानं मला ओळखलं, उठला आणि त्या हातानं मला कवटाळलं. मुलाला म्हणाला, सगळ्या गावात या एका माणसानं मला पाणी पाजलं. सुना-नातवंडांना बोलावून हेच पुन्हा सांगितलं. मला जेवायला घातलं, माशाचे काटे काढून माझ्या पुढ्यात ठेवायला लावले. माझं पाठ केलेलं वाक्य प्रत्येक घासाबरोबर आणखी खाली जात होतं.

सगळे आत गेल्यावर तो जवळ सरकला.

"बाबू, तू लिखा-पढ़ा है. सच बोल. करीम ने लिया था क्या?"

मी पेल्यातलं पाणी पिऊ लागलो.

"मार मार के उन्होंने मेरे मुंह से नाम निकाला. मेरी औरत का भाई. चालीस साल मैं उसके हाथ की रोटी खाता हूं. कोई बोले कि हां, उसने लिया था, तो मैं आराम से मरेगा."

"लिया होगा," मी म्हणालो.

"होगा नहीं. बोल, लिया था."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला ते दयेचं वाटलं. म्हातारा माणूस आहे, एका शब्दानं सुटतो आहे. आणि त्या शब्दानं मीही सुटत होतो.

"लिया था," मी म्हणालो.

मुराद रडला. बराच वेळ, लहान मुलासारखा, तो वळलेला हात डोळ्यांवर घासत. निघताना त्यानं मला स्वतःच्या झाडाचा खजूर दिला. तो मी वाटेतल्या मसाफी गावाच्या अलीकडे गाडीतून खाली उतरून, लघवीचं निमित्त करून, दगडांमागे टाकला.

वर्षभर मी स्वतःला सांगत होतो की एका माणसाला तरी शांती दिली. पुढच्या उन्हाळ्यात इस्माईलचा फोन आला, वालिद गेले. या वेळी मिलिंदनं मला नेलं आणि तो बाहेर गाडीतच थांबला, त्याला ऑफिसचे फोन होते. मुरादच्या बायकोला, गुलबीबीला, मी आयुष्यात पहिल्यांदा समोरून पाहत होतो. भिंतीला टेकून बसलेली, काळ्या ओढणीत, डोळे कोरडे. करीमसारखीच हनुवटी. मी काही सांत्वनाचं बोललो. तिनं हातानं थांबवलं. तिची हिंदुस्थानी तुटकी होती, इस्माईल मदत करायला पुढे झाला तर तिनं त्यालाही थांबवलं.

"मेरे आदमी ने मार खाके मेरे भाई का नाम बोला. मैंने माफ किया. मार में आदमी क्या नहीं बोलता. पिछले साल तू आया, तू गया. रात की रोटी पे वो मेरे को बोला, गुलबीबी, बाबू ने बताया, करीम सच्ची चोर था. खुश होके बोला. उस दिन से मैंने उससे बात नहीं किया. बीमार हुआ, पानी दिया, बात नहीं किया. मर गया, बात नहीं किया." तिनं मान माझ्याकडे वळवली. "अब वो नहीं है. तू मेरे को बोल. करीम चोर था?"

इस्माईल जमिनीकडे बघत होता. बाहेर मिलिंदनं एकदा हळूच हॉर्न वाजवला, उशीर होतोय म्हणून.

येताना सबंध डोंगरभर मी घोकत आलो होतो: बीबी, थैली मैंने खोली थी. करीम का कोई गुनाह नहीं, मुराद का कोई गुनाह नहीं. मुझे माफ करो. तीन वाक्यं. हिंदीत, मराठीत, इंग्रजीत, मोडक्यातोडक्या अरबीतसुद्धा ती मला म्हणता आली असती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला दिसलं की तिला उत्तर आधीच ठाऊक आहे, फक्त ते माझ्या तोंडून यायला हवं आहे.

"खुदा जाने, बीबी," मी म्हणालो.

आणि उठलो. दाराशी चपलांचा ढीग होता, त्यात मला माझ्या सापडेनात. इस्माईल वाकला, त्यानं त्या शोधून काढल्या आणि माझ्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. मी त्या पायांत घातल्या.